‘साध्या’ सुखाची स्तुति

आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे खेड्यांतल्या ‘साध्या सुखां’ची स्तुति करण्याची एक साथच पसरली आहे. शनिवार उजाडला कीं शहरांतील कुटुंबेंच्या कुटुंबें मोटारींत बसून एखाद्या कृषि-पर्यटन केंद्राची वाट धरतात. तेथें बैलगाडींतून शेताला एक फेरी होते, चुलीवरची भाकरी आणि ठेचा होतो, मुलांना वासराच्या कपाळावरून हात फिरवूं दिला जातो. आणि रविवारीं रात्रीं घरीं परतल्यावर मंडळी एकमेकांस सांगतात कीं, खरें सुख तेंच, किती साधें आणि किती निर्मळ! ज्यांना तेवढीही सवड नसते ते आपल्या दिवाणखान्यांत एखादें जुनें जातें मांडतात, किंवा गाडीचें चाक भिंतीस टेकवून त्यावर विजेचे दिवे सोडतात. हें सर्व निरुपद्रवी आहे असें म्हणून सोडून देतां आलें असतें. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. आमचा आक्षेप त्या सुखावर नाहीं. जनावरांच्या संगतींत आणि हातानें घडविलेल्या अवजारांच्या वापरांत फार मोठें सुख आहे असें आम्ही मानतों. आक्षेप आहे तो ‘साधें’ या विशेषणावर. हें विशेषण खोटें आहे, आणि त्याच्या खोटेपणाची किंमत स्तुति करणाऱ्यांना मोजावी लागत नाहीं, ती दुसऱ्यांनाच मोजावी लागते.

या स्तुतीची जात नवी नाहीं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनें १७८३ नंतरच्या वर्षांत व्हर्सायच्या बागेंत स्वतःच्या करमणुकीसाठीं एक खेडें बांधविलें. त्यांत तळें होतें, गवताच्या छपरांचीं घरें होतीं, दूधदुभत्याची कोठी होती आणि पाणचक्कीचें चाकही होतें. दळण मात्र त्यावर होत नसे. त्या खेड्याबाहेरच्या खऱ्या खेड्यांत काय शिजत होतें तें १७८९ सालीं सर्वांस कळलें. आमच्या शनिवारच्या पाहुण्यांना त्या राणीशी तोलणें अन्यायाचें होईल. ते बिचारे पैसे मोजतात आणि एका दिवसानें परततात. पण न दळणारें चाक पाहून संतुष्ट होण्याची वृत्ति दोन्हीकडे एकच.

साधें म्हणजे काय? जें शिकावें लागत नाहीं, ज्यांत चुकण्यासारखें कांहीं नाहीं, तें साधें. या कसोटीस आपण तिफण लावून पाहूं. आमच्या पुष्कळ वाचकांनीं ती चित्रांतच पाहिली असेल, म्हणून तिची रचना थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे. एका जाड आडव्या लाकडांत तीन फण बसविलेले असतात. प्रत्येक फणाला भोंक असून त्यांत वेळूची पोकळ नळी उभी केलेली असते. तिन्ही नळ्या वर एकत्र येऊन एका लाकडी वाटीच्या तळाशीं मिळतात. ही वाटी म्हणजे चाडें. बैल चालूं लागले कीं फण जमीन चिरतात, पेरणारा मुठींतून चाड्यांत बीं सोडतो, आणि तें तीन वाटांनीं खालीं ओल्या मातींत, एकाच खोलीवर, तीन ओळींत पडतें. मागून कुळवाची पास फिरली कीं तें झांकलें जातें. वर्णन संपलें, आणि येथवर तें साधेंच आहे.

आतां अडचणी पाहा. बीं सोडणारी मूठ हेंच या यंत्राचें माप. ज्वारीला ती एका रीतीनें सुटावी लागते, बाजरीला दुसऱ्या, हरभऱ्याला तिसऱ्या. आणि बैल सकाळीं ज्या चालीनें चालतात त्या चालीनें दुपारीं चालत नाहींत, तरी दाणे तेवढ्याच अंतरानें पडले पाहिजेत. बीं खोल गेलें तर बाजरीसारख्या बारीक धान्याचा कोंब वर येण्यापूर्वींच दमतो. उथळ राहिलें तर तें उन्हानें वाळतें किंवा पांखरें टिपतात. ही खोली ठरते जुवाला तिफण कशी आंवळली आहे यावर, म्हणजे एका दोरीच्या एका वेढ्यावर. एखाद्या फणाच्या भोंकांत माती अडकली तर ती ओळ रिकामी जाते, आणि तें कळतें पीक उगवल्यावर, जेव्हां हातांत कांहींच उरलेलें नसतें. म्हणून पेरणाऱ्याचा कान नळींतून घरंगळणाऱ्या दाण्याकडे लागलेला असतो. कधीं तिफणीच्या मागें दोरीनें एक सुटी नळी ओढली जाते व घरांतली बाई तिच्यांतून तूर पेरीत चालते. तिची मूठ नवऱ्याच्या मुठीहून निराळ्या तालावर चालते, पण पावलें मात्र त्याच बैलांच्या मागें टाकावीं लागतात. आणि ही पेरणी कोणत्याही दिवशीं करतां येत नाहीं. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा आला आहे कीं नाहीं हें मातीचा गोळा हातांत दाबून ओळखावें लागतें. तो दोन दिवसांत निघूनही जातो.

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, तिफण एकटी नाहीं. तिच्या फणांतलें जें अंतर, रब्बी ज्वारीला तें साधारण १८ इंच, त्याच अंतराच्या हिशोबानें कोळप्याची पास घडवावी लागते. नाहींतर पुढें उभ्या पिकांतून कोळपें चालवितांना तणाबरोबर पीकही कापलें जाईल. म्हणजे जूनमध्यें सुतारानें पाडलेल्या भोंकांनीं जुलैमधलें काम ठरविलेलें असतें.

युरोपांत जेथ्रो टल या इंग्रजाचें पेरणीयंत्र १७०१ सालचें म्हणून नांवाजलें जातें. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण हिंदुस्थानांत हॅल्कॉट नांवाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें शेतांत चाललेली अशीच पाभर पाहिली आणि आश्चर्यानें मायदेशीं लिहून कळविलें कीं, ज्याला आपण युरोपची नवी कल्पना समजत होतों तें येथें पूर्वापार चालत आलेलें आहे. पुढें १८८९ सालीं सरकारनें डॉ. फोल्कर या रसायनज्ञाला येथील शेती सुधारण्याचा सल्ला देण्यासाठीं आणविलें. त्याच्या १८९३ च्या अहवालांत येथील चांगला कुणबी इंग्लंडांतील सामान्य शेतकऱ्याच्या बरोबरीचा, कांहीं बाबतींत सरसही आहे, असा अभिप्राय आहे. या साक्षी आम्ही अभिमानानें छाती फुगविण्यासाठीं दिलेल्या नाहींत. परकी माणसानें नीट पाहिलें तेव्हां त्याला विद्या दिसली, आणि आमच्या पदवीधराला तेथें ‘साधेपणा’ दिसतो, एवढेंच दाखवावयाचें आहे.

अवजार घडविणाऱ्याची विद्या तर याहून झांकलेली. नांगराला सरळ लाकूड घेऊन त्याला कापून बांक आणला तर लाकडाच्या शिरा तुटतात आणि तो कामांत मोडतो; म्हणून झाडांतच वांकडी वाढलेली बाभूळ सुतार हेरून ठेवतो. तोडलेलें लाकूड पाण्यांत मुरवावें लागतें. काळ्या रानाचा नांगर निराळा, मुरमाड माळाचा निराळा, उंच खिल्लार जोडीचा निराळा, ठेंगण्या जोडीचा निराळा. गाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना लोहार ती आगींत लाल करतो, सुतार व तो मिळून ती चाकावर बसवितात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आंवळतें आणि आऱ्यांचे सारे सांधे एकदम कडकडून बसतात. धांव किती आंखूड करावयाची हें चुकलें, तर एक तर ती रस्त्यांत निसटते किंवा चाकच दबून विद्रूप होतें. इंग्लंडांतील फार्नहॅम गांवच्या जॉर्ज स्टर्टनें आपल्या वडिलार्जित गाडी-कारखान्यावर १९२३ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. हा शिकलेला मालक आपल्या अशिक्षित कारागिरांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उमेदवारी करीत होता, आणि गाडीचा एकेक बांक त्या मुलखांतल्या चढउतारांनीं व मातीनें कसा ठरविलेला होता हें त्यानें लिहून ठेवलें. आमच्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या ‘गांवगाड्या’ंत बलुतेदारांचीं कामें व हक्क तपशिलानें नोंदविले. हा ग्रंथ थोर आहे, पण सुताराच्या हातांतली जाण हा त्याचा विषय नव्हता.

सांगली जिल्ह्यांतल्या एका गांवीं आमच्यासमोर घडलेला संवाद येथें देण्यासारखा आहे. शहरांतून आलेल्या एका गृहस्थांनीं सुताराच्या ओट्यावरील नवें चाडें उचललें, तें त्यांना टेबलावर फुलें ठेवण्यासाठीं हवें होतें. किंमत ऐकून ते म्हणाले, “अहो मामा, एवढ्याशा वाटीला इतके पैसे?” सुतार रंधा न थांबवितां म्हणाला, “वाटी न्हवं ती, दादा. चाडं हाय.” गृहस्थ हंसले आणि निम्म्या किंमतीला मागूं लागले. ‘साधें’ या शब्दाचा बाजारांतला अर्थ आम्हांस त्या वेळीं पुरता कळला.

बैलाचेंही तेंच. बाजारांत तो घेतांना दांत पाहून आदत, दुसा, चौसा हें वय ठरवावें लागतें; खूर, वशिंड, कातडीवरचे भोंवरे, चाल, सारें नजरेखालीं घालावें लागतें; आणि मग हेडी रुमालाखालीं बोटें दाबून जो भाव करतो तो तोंडानें एक शब्द न बोलतां समजून घ्यावा लागतो. खोंडाला जुंपावयाचें तें जाणत्या बैलाशेजारीं. डावीकडे लागलेला बैल उजवीकडे घातला तर गोंधळतो. मुलुखाप्रमाणें जात पाहावी लागते: अकोले-इगतपुरीच्या धोधो पावसांत डांगी टिकेल, कारण त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, माणदेशच्या उन्हांत व कोरड्या माळावर खिल्लार. मोटेवर बैल धांवेनें खालीं उतरतात, भरलेली मोट वर येते, सोंदूर सैल होऊन तिची सोंड थारोळ्यांत पाणी ओतते, आणि मग बैलांना मागच्या मागें चढ चढावा लागतो. मागें चालणें बैलाच्या स्वभावांत नाहीं. तें त्याला कोणीं तरी न मारतां शिकविलेलें असतें. (मारून शिकविलेला बैल मोटेवर बिचकतो, असें जाणते सांगत.) वीजपंपानें मोट घालविली आणि तें योग्यच झालें, दिवसभर पाणी ओढून सायंकाळीं भिजलेलें रान हातभर असे. परंतु नाड्यावर बसून उतार उतरतांना मोटकऱ्याच्या गळ्यांतून जें गाणें निघे तें श्रम हलके होते म्हणून नव्हे. आपण शब्द उच्चारावा, दुसऱ्या योनींतल्या जिवानें तो समजावा, आणि दोघांनीं मिळून जड वस्तु हलवावी, यांत जो आनंद आहे तो आम्हां पुस्तकी माणसांच्या वांट्याला क्वचित येतो. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं, किंवा जेथें आषाढांत बेंदूर असतो तेथें त्याच्या आदल्या सायंकाळीं, जुवानें घट्टे पडलेल्या खांद्याला शेतकरी हळद व लोणी चोळून तो शेकतो आणि बैलाला उद्यांच्या जेवणाचें आवतण देतो. ज्याचे खांदे वर्षभर आपल्यामुळें दुखले त्याच्याशीं केलेला हा हिशोब आहे. त्यांतला आनंद हिशोबासकटच आहे.

भल्या पहाटे गवयाचा रियाज ऐकून कोणी त्याला ‘साधें सुख’ म्हणत नाहीं. तेथें कष्ट, गुरु, चुका, घराणें हें सारें आपल्याला दिसतें, कारण तेथें आपण श्रोते म्हणून शिकलेलों आहों. शेतांतल्या घराण्याचे आपण श्रोतेही नाहीं.

येथें दुसऱ्या बाजूचे लोक उठून म्हणतील कीं, हें सगळें हळवेपण आहे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, विषय संपला. या मंडळींशीं आमचें भांडण कमी आहे. ते निदान कामाला काम म्हणतात. आणखी एक आक्षेप मात्र असा आहे कीं, त्यापुढें आम्ही मान लवविल्याशिवाय राहत नाहीं. ज्योतिराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हां कुणब्याच्या घरांतलें दारिद्र्य त्यांनीं भांड्याकुंड्यांसह मांडलें. त्यांत रम्य असें कांहीं नव्हतें. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं संविधानसभेंत खेड्याच्या स्तुतीवर जो घाव घातला तो तर प्रसिद्धच आहे: ज्याला तुम्ही आदर्श म्हणतां तें संकुचितपणाचें, अज्ञानाचें आणि जातीयतेचें आगर आहे, असा त्याचा आशय होता. आम्ही वर जी मोट वर्णिली तिचें कातडें ढोरानें कमावलेलें, चांभारानें शिवलेलें. नाडा आणि सोंदूर मांगानें वळलेला. आणि बैल मेला कीं ओढून नेण्याचें काम महाराच्या माथीं. ज्यांच्या हातांनीं ती मोट सिद्ध झाली त्यांना सवर्णांच्या विहिरीवर घागर बुडविण्याची बंदी होती. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांच्या अनुयायांनीं मेलेलीं ढोरें ओढणें सोडलें, १९५८ च्या कायद्यानें महार वतन गेलें, माणसें शहराकडे निघाली. तीं निघाली हें चांगलें झालें. त्यांनीं परत येऊन आमच्या रविवारासाठीं दोर वळीत बसावें असें जो म्हणेल तो आमचा मित्र नाहीं.

पण यावरून काय निघतें तें नीट पाहिलें पाहिजे. यावरून ती विद्या फुकट होती असें निघत नाहीं. तिचा मोबदला कधीं पुरता दिला गेला नाहीं, असें निघतें. आणि तो न देण्यासाठीं समाजानें जीं निमित्तें वापरलीं त्यांत हें एक होतेंच: ‘काम साधें आहे, त्यांत काय एवढें?’ काल हा शब्द तुच्छतेनें उच्चारला जाई, आज तो कौतुकानें उच्चारला जातो. सुताराच्या हातांत पडणारी रक्कम दोन्ही वेळां सारखीच.

आजची स्थिति आंकड्यांत पाहावयाची तर २०१२ च्या पशुगणनेंत देशांतील नर गोवंश सुमारें ६ कोटी ७९ लक्ष होता. २०१९ च्या गणनेंत तो सुमारें ४ कोटी ७४ लक्षांवर आला. त्याच काळांत गाई मात्र वाढल्या. दुधाला गिऱ्हाईक आहे, श्रमाला नाहीं. महाराष्ट्रांत २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें सरासरी वहिवाट सव्वा-दीड हेक्टरांच्या आंतबाहेर आहे; तेवढ्या रानांत थोड्या आठवड्यांच्या कामासाठीं बैलजोडी बारा महिने पोसणें परवडत नाहीं. त्यांत २०१५ सालीं राज्यानें बैलांच्याही कत्तलीस बंदी केली. म्हातारा बैल विकून त्यांत भर घालून नवा घ्यावयाचा, ही लहान शेतकऱ्याची जुनी रीत तेथें अडली. गोप्रेमाचीं भाषणें करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्या म्हाताऱ्या बैलाच्या कडब्याचा खर्च उचलला, हें विचारणें अप्रस्तुत होणार नाहीं. आणि २०२० सालीं शासनानें कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. धोरण वाईट नाहीं, शेतकऱ्याच्या पदरीं चार पैसे पडतात. मात्र बैलगाडीच्या फेरीचे पैसे मोजतांना गाडी कोणीं केली हें विचारणारा पाहुणा आम्हीं अजून पाहिला नाहीं.

खेड्यांतल्या माणसाला जुन्याचा मोह आहे म्हणून तो बैल आणि लाकूड धरून बसला, अशी एक समजूत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांनीं घेतली, हें खरें. पण उपयोग दिसतांच त्यांनींच तो घेतला, आणि १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीची भरभराट त्यावरच उभी राहिली. आज गांवच्या वेल्डिंगच्या दुकानांत लोखंडी पट्ट्यांच्या तिफणी होतात, आणि मोडक्या सायकलीचें चाक पुढें लावून एका माणसानें ढकलण्याचें कोळपें होतें. हें सायकल-कोळपें कोणत्याही दिवाणखान्यांत शोभणार नाहीं. म्हणून त्याची स्तुति कोणी करीत नाहीं. आमच्या मतें तिफणीच्या घराण्याचा खरा वारस तेंच आहे: बैल परवडेना, तेव्हां कोणा एका लोहाराच्या मुलानें तें आपल्या अकलेनें जुळविलें. हातानें घडविलेल्या अवजाराचें सुख जिवंत असेल तर तें येथें आहे, जात्यावर ठेवलेल्या फुलदाणींत नाहीं.

आमच्या राज्यांत चार कृषि विद्यापीठें आहेत. ज्याच्या हाताखालून शेंकडों नांगर गेले असा एखादा वृद्ध सुतार, ज्यानें वीस जोड्या शिकविल्या असा एखादा शेतकरी, यांना तेथें वर्गासमोर उभें करून अध्यापकाच्या दरानें तासाचे पैसे द्यावेत, असें आम्ही सुचवितों. एकदां एका सभेंत हें सुचविलें तेव्हां एका विद्वानांनीं विचारलें कीं, त्यांची पात्रता कोणती धरावयाची? प्रश्न कागदोपत्रीं बिनतोड होता. आमची स्वतःची पात्रता एका परकीय भाषेंतील काव्यावर परीक्षेंत लिहिलेल्या उत्तरांवर ठरली, आणि त्या काव्यांत वर्णिलेला नांगर आम्हांस शिकविणाऱ्या प्राध्यापकांनींही कधीं हातीं धरलेला नव्हता.

आमचें म्हणणें ज्यांना अतिशयोक्त वाटत असेल त्यांना एक विनंती आहे. येत्या मृगांत, वाफसा आल्यावर, त्यांनीं आपल्या परिचयाच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन चाड्यावर मूठ धरावी आणि बांधापासून बांधापर्यंत एकच तास पेरावा. फोटो काढूं नये. त्याची जरुरी पडणार नाहीं. आठवड्याभरानें तो तास उगवेल, आणि बीं कोठें दाट पडलें, कोठें मूठ अडली, कोणती नळी रिकामी गेली, कोठें बैल भरकटले, हें सारें हिरव्या अक्षरांत, कापणीपर्यंत, रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येक माणसाला वाचतां येईल.